पश्चिमेची तापलेली भिंत आणि आतून लावलेला इन्सुलेटेड जिप्सम बोर्ड: बाणेरमधल्या एका बेडरूमचं प्रकरण

घर आणि भिंत

पुण्यात बाणेरमधली अकरा मजली इमारत, सातवा मजला, ताबा मिळून सात वर्षं झालेली. घरात नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजोबा. आजोबांची खोली पश्चिमेला. समोर मोकळं मैदान, त्यामुळे झाडाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली नाही. पश्चिमेची भिंत आतून ३.८ मीटर लांब आणि २.८ मीटर उंच. मधोमध १.५ बाय १.२ मीटरची सरकती अ‍ॅल्युमिनियम खिडकी, तिला आतून ग्रॅनाइटची चौकट. खिडकीवर दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी. खिडकी वजा जाता भिंतीचं क्षेत्रफळ ८.८४ चौरस मीटर, आपल्या भाषेत साधारण ९५ चौरस फूट.

या प्रकरणात सगळं एका गोष्टीवर फिरतं, ती म्हणजे भिंत विटांची नाही. इमारत मिवान पद्धतीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबरच भिंतीही काँक्रीटच्या ओतलेल्या. जाडी १६० मिमी. बाहेरून टेक्स्चर पेंट, आतून दोन-तीन मिमी पुट्टी आणि रंग. प्लास्टर नाहीच. अशी भिंत ओळंब्यात असते, मजबूत असते, पण उष्णता अडवण्यात फार कच्ची. तिची यू-व्हॅल्यू ३.७ च्या आसपास निघते. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर दर चौरस मीटरमधून ३.७ वॅट उष्णता आत येते. नऊ इंची विटांच्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या भिंतीचा हाच आकडा दोनच्या आसपास असतो.

तक्रार

तक्रार दुपारची नव्हती, रात्रीची होती. एप्रिलमध्ये दुपारी तीनला खोली सहन होण्यासारखी, आणि रात्री दहाला, बाहेर वारा सुटल्यावर, भट्टी. आजोबा उशी उलट्या बाजूला घेऊन झोपत. एसी रात्री दीड वाजेपर्यंत न थांबता चाले.

भिंत किती तापते हे हाताने सांगण्याऐवजी घरच्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटर आणून एका दिवसाच्या नोंदी घेतल्या. बाहेर ३९ अंश असलेल्या दिवशी भिंतीचा आतला पृष्ठभाग दुपारी तीनला ३३, सहाला ३७, रात्री नऊला ३९ आणि बाराला ३६.५ अंश होता. त्याच वेळी, रात्री नऊला, आतली आडवी भिंत ३२.५. (या थर्मामीटरने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मोजू नये, आकडा चुकीचा येतो. फ्रेमवर कागदी टेप चिकटवून टेपचं तापमान घ्यावं.)

नोंदींनी दुखणं नेमकं दाखवलं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि चार-पाच तासांनी आत सोडतं. मेच्या मध्यात पुण्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेची भिंत जवळपास सुटते आणि पश्चिमेची दुपारी एकपासून सातपर्यंत भाजत राहते. कलता सूर्य छज्जाच्या खालून येतो, त्यामुळे छज्जाचाही उपयोग नाही.

दुसरी एक खूण होती आणि तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पट्टा, रंगाला पापुद्रे सुटलेले, नखाने खरवडलं की पांढरी पूड. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. घरच्यांचं म्हणणं, "ते दर पावसाळ्यात होतं, दिवाळीला पुट्टी मारली की जातं."

कोणते पर्याय तोलले

आधी एक गोष्ट तपासली, ती म्हणजे छत. घर वरच्या मजल्यावर असतं तर भिंतीचा विचार मागे ठेवून आधी गच्चीचं इन्सुलेशन करायला हवं होतं. इथे वर आणखी चार मजले, म्हणजे तो प्रश्न निकाली.

तांत्रिकदृष्ट्या उत्तम उपाय बाहेरून इन्सुलेशन. तसं केलं की काँक्रीटला ऊन लागतच नाही, आणि भिंतीचं वजन, म्हणजे तिची गारवा धरून ठेवण्याची ताकद, खोलीच्या बाजूला राहते. पुण्यात एप्रिलमध्येही पहाटे बावीस-तेवीस अंश असतात, तेव्हा खिडक्या उघड्या टाकून भिंती गार करून घेता येतात. आतून इन्सुलेशन केल्यावर हा फायदा जातो. पण सातव्या मजल्यावरच्या एकाच घराच्या बाहेरच्या भिंतीवर ५० मिमीचा थर चढवायला सोसायटी तयार नव्हती. दर्शनी भाग बदलतो, हे त्यांचं कारण, आणि ते चूक म्हणता येत नाही.

बाहेरून पांढरा, ऊन परावर्तित करणारा रंग हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी पर्याय. पण रंगाची छटा ठरवण्याचा हक्क सोसायटीचा, आणि इमारतीचा पुढचा रंग तीन वर्षांनी.

आतून १०० मिमी एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत उभी करण्याचं एका गवंड्याने सुचवलं. वजन स्लॅबवर येतं, खोलीतले चार इंच जातात आणि उष्णता अडते ती इन्सुलेशनच्या ५० मिमी फोमपेक्षा बरीच कमी. हा पर्याय लगेच वगळला.

फॉल्स सीलिंगवाल्याची सूचना होती लोखंडी फ्रेमची: जीआय स्टडच्या (जस्त चढवलेल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांच्या) मधे रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, वर जिप्सम बोर्ड. पुण्यात ही रीत सगळ्यांना येते, सामान पेठेत मिळतं, दोन दिवसांत काम होतं. तरी इथे ती नाकारली, आणि कारणं लक्षात घेण्यासारखी आहेत. स्टडच्या प्रत्येक ओळीतून पत्रा उष्णता आत आणतो. फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी राहते, तिथे झुरळं होतात, आणि मुख्य म्हणजे भिंतीतून पाणी आलं तर ते वर्षभर कुणाला दिसत नाही. रॉकवूल ओलं झालं की खाली बसतं आणि वरचा फूटभर भाग रिकामा राहतो.

उरला तो पर्याय: ५० मिमी एक्सपीएस फोम (थर्माकोलच्याच जातीचा, पण जास्त घट्ट) आणि त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड, दोन्ही एकत्र चिकटवून पोकळी न ठेवता थेट भिंतीला. एका खोलीपुरते तयार जोडलेले बोर्ड मिळेनात, म्हणून एक्सपीएस आणि बोर्ड वेगवेगळे आणून जागेवर जोडायचे ठरले. हिशोबाने यू-व्हॅल्यू ३.७ वरून ०.५५ वर येते, म्हणजे भिंतीतून येणारी उष्णता साडेसहा पटींहून अधिक घटते. खोलीचे सात सेंटीमीटर जातात. त्यात वॉर्डरोबचं खिडकीकडचं दार पूर्ण उघडत नाही हे मापं घेतानाच दिसलं, आणि बोर्ड लावायच्या आधीच ते दार सरकतं करून घेतलं. मापं न घेता काम सुरू झालं असतं तर हे शेवटच्या दिवशी कळलं असतं.

निर्णय: आत्ता की पावसाळ्यानंतर

कंत्राटदाराचं म्हणणं सरळ होतं: "काका, मे महिन्यात उरकून टाकू. पावसात तुमची भिंत झाकलेली, ओल दिसणारच नाही."

नेमकं हेच थांबण्याचं कारण होतं. पुण्यात पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे जी भिंत सगळ्यात जास्त तापते तीच सगळ्यात जास्त भिजते. ओली भिंत फोमने झाकली की आतल्या बाजूने वाळण्याची वाट बंद. मग पाणी ग्रॅनाइटच्या चौकटीखाली, नाहीतर स्कर्टिंगजवळ, नाहीतर खालच्या घराच्या छतात निघतं. तोपर्यंत बोर्डाचा मागचा कागद काळा पडलेला असतो.

म्हणून क्रम ठरला: आधी बाहेरून पाणी बंद, मग एक पूर्ण पावसाळा उघड्या भिंतीवर परीक्षा, आणि मगच बोर्ड. म्हणजे हा उन्हाळा तसाच काढायचा. घरात यावरून कुरबूर झाली, आजोबांची तर झालीच. त्यांच्यासाठी तात्पुरती सोय म्हणून खिडकीबाहेरच्या ग्रिलला आतून बांबूची चिक बांधली. काचेच्या आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, बाहेरची चिक ते येण्याआधी अडवते.

बिल्डरकडून दुरुस्ती करून घेता येते का, हेही पाहिलं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. इथे सात वर्षं झालेली. पहिल्याच पावसाळ्यात त्या तळहाताएवढ्या डागाचा फोटो काढून लेखी कळवलं असतं तर पुढचा बराच खर्च वाचला असता.

पाणी कुठून येतं याचा शोध

मे महिन्यात दोरीवरच्या पेंटरकडून खिडकीच्या चौकटीभोवतीचं जुनं, फाटलेलं सिलंट (फट बुजवणारं रबरासारखं द्रव्य) पूर्ण काढून नवीन भरलं. खालच्या ट्रॅकमधली पाणी निघून जाण्याची भोकं सिमेंटने बुजलेली होती, ती मोकळी केली. सगळ्यांना वाटलं, झालं काम.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टा पुन्हा दिसला, पण दोन फूट वर, खिडकीच्या बाजूला. खालचा कोपरा कोरडा. म्हणजे पाण्याच्या वाटा दोन होत्या आणि एकच बंद झाली होती.

मिवानच्या भिंतीत दुसरी वाट कुठे शोधायची हे ठरलेलं असतं. साच्याचे दोन पत्रे ओतताना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर राहावेत म्हणून मधून टाय घालतात. साचा काढल्यावर त्या जागी भिंतीच्या आरपार अरुंद खाच राहते. ती न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने, भरायची असते. साध्या सिमेंटचा गोळा कोंबून वर पुट्टी फिरवली तर गोळा वाळताना आकसतो, कडेला केसाएवढी फट राहते, आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी तिथून आत येतं. आतून रंग खरवडल्यावर साधारण सारख्या अंतरावर अशा सहा जागा दिसल्या. त्यांतल्या दोन ओल्या.

ऑगस्टच्या उघडिपीत त्या सहाही खाचा बाहेरून २५ मिमी खोल कोरून न आकसणाऱ्या ग्राउटने भरल्या, वर लवचीक वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, जाळी दाबून. मग खालून वर सरकत भिंतीवर पाइपने पाणी मारलं, प्रत्येक पट्ट्यावर वीस मिनिटं. खालून सुरुवात करायची, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी खालच्या फटीतून आत येतं आणि दोष वरच्या जागेचा समजला जातो. सप्टेंबरच्या पावसात भिंत कोरडी राहिली. ऑक्टोबरमध्ये भिंतीवर चार ठिकाणी दोन बाय दोन फुटांचे प्लॅस्टिकचे तुकडे कडांना टेप लावून रात्रभर चिकटवून ठेवले. सकाळी प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब नव्हते. तेव्हा सामान मागवलं.

मे महिन्यात बोर्ड लावला असता तर जुलैतला पट्टा त्याच्या मागे आला असता, आणि टायच्या खाचा कुणाला सापडल्याच नसत्या.

काम: नोव्हेंबरचे सहा दिवस

पहिला दिवस मोडतोडीचा. एसीवाल्याने गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन आतलं युनिट उतरवलं. स्कर्टिंग काढली. रंग आणि पुट्टी काँक्रीटपर्यंत खरवडली आणि टाचे मारले. हा भाग कामगारांना वायफळ वाटतो, पण बोर्ड काँक्रीटला नाही तर सगळ्यात वरच्या थराला चिकटतो. तो थर डिस्टेंपर असेल तर बोर्डाची पकड डिस्टेंपरएवढीच. ओळंबा लावल्यावर वर-खाली फरक ४ मिमी निघाला, जो चिकटद्रव्याच्या थरात सामावतो. १२-१५ मिमीचा फरक असता तर आधी प्लास्टर करावं लागलं असतं.

बोर्डांची मांडणी कागदावर आधी केली, आणि हे एका तासाचं काम पुढे दोन दिवस वाचवून गेलं. जिप्सम बोर्ड १२२० बाय १८३० मिमी, एक्सपीएसचा तुकडा १२५० बाय ६००. एका बोर्डावर तीन तुकडे आडवे बसतात, पण तिन्हींची उंची १८०० भरते आणि बोर्ड ३० मिमी बाहेर राहतो. म्हणून बोर्ड आखूड बाजूने ३० मिमी कापला आणि फोम लांबीत ३० मिमी. बोर्डाच्या लांब कडा उतरत्या असतात, टेप आणि पुट्टी बसायला, म्हणून त्यांना हात लावला नाही. भिंत ३.८ मीटर. एका टोकापासून सुरुवात केली असती तर तीन पूर्ण बोर्डांनंतर १४ सेंमीची चिंधी उरली असती. त्याऐवजी मधे दोन पूर्ण आणि दोन्ही टोकांना ६८ सेंमीचे. यातून आणखी एक साधलं: उभा सांधा खिडकीच्या बरोबर मध्यावर, तिच्या वर आणि खाली आला, आणि खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर इंग्रजी एलसारखे कापलेले अखंड बोर्ड बसले. कोपऱ्याच्या रेषेत सांधा आला की वर्षभरात तिथून तडा निघतोच.

सामान असं लागलं: ७ जिप्सम बोर्ड, ५० मिमी एक्सपीएसचे १५ तुकडे, २० किलोच्या पॉलिमरयुक्त सिमेंटच्या चिकटद्रव्याच्या ३ गोण्या (टाइलसाठी वापरतात तेच), फोम आणि बोर्ड जोडायला विनासॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन नसलेलं) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन चिकटद्रव्य, ८ बाय १२० मिमीचे ठोकायचे फिशर (बोर्डातून भिंतीच्या भोकात बसणारे अँकर) ३०, कागदी टेप, जॉइंटिंग कंपाउंड, पेंट करता येणारं अ‍ॅक्रिलिक सिलंट. खिडकीजवळच्या एका पट्ट्यासाठी हिरवा, ओलसरपणा सोसणारा बोर्ड घेतला, बाकी साधे.

दुसऱ्या दिवशी घोळ झाला. पीयूचे डबे यायला उशीर होता. सुताराने वेळ जाऊ नये म्हणून सनमायकासाठी वापरतात ते पिवळं रबर अ‍ॅडहेसिव्ह फोमवर फासलं. दहा मिनिटांत फोमचा पृष्ठभाग आक्रसायला लागला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे पडले आणि बोर्ड उचलल्यावर त्याच्याबरोबर चिकट तारा आल्या. त्या अ‍ॅडहेसिव्हमधलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतं, मग ते साधं थर्माकोल असो वा एक्सपीएस. तीन तुकडे आणि एक बोर्ड फुकट गेला. सातवा बोर्ड मागवलेला होता म्हणून काम अडलं नाही. गुळगुळीत कातडीचा एक्सपीएस कुठल्याच सिमेंटला नीट धरत नाही, म्हणून भिंतीकडची बाजू तारेच्या ब्रशने आडवी-उभी खरवडून घेतली.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी बोर्ड भिंतीवर चढले. पूर्ण बोर्ड साधारण २३ किलोचा, दोन माणसांचं काम. परदेशी व्हिडिओंमध्ये चिकटद्रव्याचे गोळे ठेवून बोर्ड दाबतात. इथे ते मुद्दाम टाळलं. गोळ्यांच्या मागे हवा फिरते, आणि जानेवारीच्या पहाटे काँक्रीट दहा-बारा अंशांवर असताना खोलीतली हवा मागे पोहोचली तर तिथे दव धरतं. म्हणून १० मिमी दातांच्या थापीने पूर्ण पृष्ठभागावर थर आणि चारही कडांना सलग पट्टी. बोर्ड खाली १० मिमीच्या पाचरींवर टेकवला, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी कागदात चढणार नाही. ती फट नंतर सिलंटने भरली, वर स्कर्टिंग. उघडी ठेवली असती तर मुंग्यांनी फोम पोखरून घर केलं असतं.

चोवीस तासांनंतर फिशर. चिकटद्रव्य बोर्ड धरून ठेवतं, मग फिशर कशाला, हा प्रश्न कामगारांनी विचारला. उत्तर आगीचं आहे. फोम तापला की वितळतो, आणि मग बोर्ड अंगावर येतो. काँक्रीटमध्ये ५० मिमी गेलेले फिशर बोर्डाला जागेवर धरतात, आणि बाहेर पडायला वेळ मिळतो. याच कारणाने एक्सपीएस कुठेही उघडा ठेवू नये. ड्रिल करताना चार ठिकाणी सळई लागली. तिथे जोर न लावता भोक इंचभर सरकवलं. मिवानमध्ये बहुतेक भिंती वजन पेलतात, त्यांची सळई कापायची नाही.

एसीच्या जागी फोमऐवजी बीडब्ल्यूपी (पाण्याने न उकलणाऱ्या) प्लायचा ९०० बाय ३५० मिमीचा ठोकळा बसवला: १९, १९ आणि १२ मिमीचे तीन थर, बरोबर ५०. तो लांब अँकरने काँक्रीटला, आणि एसीचा पत्रा त्या ठोकळ्याला. स्विचबोर्डची पेटी एक्स्टेंशनने पुढे आणली. वायर पाइपमध्येच राहील, फोमला उघडी टेकणार नाही, हे वायरमनकडून पाहून घेतलं. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन एकमेकांना चिकटून राहिले की वायरचं आवरण काही वर्षांत कडक होतं.

वाफ अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा लावायचा का, यावर चर्चा झाली, कारण थंड देशांतल्या माहितीपत्रकांत तो खोलीच्या बाजूला सांगितलेला असतो. तिथे ओलसर उबदार हवा आतून बाहेर जाते. पुण्यात पावसाळ्यात एसी चालू असताना ती बाहेरून आत येते. आतल्या बाजूला पडदा लावला तर ओलावा त्याच्या मागे अडकेल. म्हणून पडदा नाही, आणि शेवटचा रंग साधा इमल्शन. विनाइल वॉलपेपर आणि ऑइल पेंट दोन्ही नाही.

काय झालं

पुढच्या एप्रिलमध्ये तशाच ३९ अंशांच्या दिवशी पुन्हा नोंदी घेतल्या. एसी बंद, खोली ३० अंश. रात्री नऊला बोर्डाचा पृष्ठभाग ३१. आधी तो ३९ होता. एसी लावल्यावर खोली पंचवीस-तीस मिनिटांत २६ अंशांवर येते आणि कंप्रेसर मधेमधे थांबतो. आजोबांची उशी पुन्हा खिडकीकडे आली.

मग उरलेल्या उष्णतेच्या वाटा उघड्या पडल्या. ग्रॅनाइटची चौकट नऊला ३६.५. भिंतीला लागून असलेला स्लॅबचा फूटभर पट्टा ३४, कारण काँक्रीट सलग आहे आणि ऊन खाल्लेली भिंत स्लॅबमध्येही उष्णता ढकलते. आणि काच, जी संध्याकाळी पाचला ४४ होती आणि आजही तेवढीच आहे.

विजेच्या बिलात किती फरक पडला हे सांगता येत नाही. बिल सगळ्या घराचं, आणि त्या वर्षी मुलीच्या खोलीतही एसी आला. काम सुरू करण्याआधी त्या एका एसीच्या प्लगला मीटर लावला असता तर आकडा हातात असता.

हिवाळ्यात एक अनपेक्षित गोष्ट जाणवली. पूर्वी जानेवारीत हीच भिंत संध्याकाळी ऊब सोडायची आणि ती खोली घरातली सगळ्यात सुखाची असायची. आता ती इतर खोल्यांएवढीच गार. उन्हाळ्याच्या बदल्यात हा सौदा कुणालाही चालेल, पण आधी सांगितलेला बरा.

काय चुकलं, काय वेगळं करता आलं असतं

पडद्याच्या दांड्याचा विचारच झाला नाही. एसीसाठी प्लाय ठेवला, पण खिडकीच्या दोन्ही बाजूंना दांड्याच्या ब्रॅकेटखाली नाही. जाड पडदे लागले, दोन महिन्यांत डावं ब्रॅकेट बोर्डात रुतून सैल झालं. शेवटी बोर्डातून काँक्रीटपर्यंत जाणारे लांब अँकर घालावे लागले, आणि ते आवळताना बोर्ड दबू नये म्हणून पाइपचे छोटे तुकडे आत बसवले. १५० बाय १५० मिमीचे दोन प्लायचे तुकडे आधी ठेवले असते तर हे काहीच लागलं नसतं.

छताच्या रेषेत पहिल्या उन्हाळ्यानंतर केसासारखी चीर आली. पुट्टीवाल्याने बोर्ड आणि स्लॅब कडक पुट्टीने एकजीव केले होते. स्लॅब तापतो आणि हलतो, बोर्ड वेगळ्या मापाने हलतो. तिथे ५ मिमी फट ठेवून अ‍ॅक्रिलिक सिलंट भरायला हवं होतं. दुरुस्ती तशीच केली: चीर कोरून सिलंट, वर रंग.

खिडकीच्या बाजूंना काहीच केलं नाही, कारण ग्रॅनाइट काढायचा नव्हता. पाहिलं तर चौकट काढून २० मिमी एक्सपीएस, त्यावर जाळी आणि पॉलिमर मॉर्टर असं करता आलं असतं, तेवढी जागा सरकत्या झडपेच्या कडेला होती. भिंत उघडी असतानाच ते स्वस्तात झालं असतं. आता करायचं तर बोर्डाच्या कडा तोडाव्या लागतील. कायमची बाहेरची सावली, म्हणजे ग्रिलवर घट्ट बसणारी गुंडाळायची चिक किंवा जाळी, बोर्डाच्या आधी करायला हवी होती की नंतर, यावर दोन मतं असू शकतात. आमच्या मते आधी. ती बोर्डापेक्षा स्वस्त आहे, आणि काचेतून येणारं ऊन बोर्ड कधीच अडवणार नाही.

आणि ही रीत सगळीकडे लावू नये. मिवानची पातळ काँक्रीट भिंत तिच्यासाठी योग्य आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी माती-चुन्याच्या भिंती मुळात तापायला दिवस घेतात आणि आतून-बाहेरून वाळतच तग धरतात. त्यांना फोम चिकटवणं म्हणजे भिंत कुजवणं.

वॉर्डरोबच्या सरकत्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर भिंतीचं चित्र, एसीमागच्या प्लायची जागा डाव्या भिंतीपासून सेंटीमीटरमध्ये, फिशर कुठे आहेत, टायच्या सहा खाचा कुठे होत्या, आणि खाली लाल शाईत: खिळा ठोकायच्या आधी हे बघा.